कोचीच्या चार दिवसांत लक्षद्वीप बसते काय?

कोचीचा तीन-चार दिवसांचा प्रवास आखताना बहुतेक कुटुंबांत एक प्रश्न निघतोच: एवढे दक्षिणेला जातोच आहोत, तर लक्षद्वीपही पाहून यावे काय? जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी या बेटांना भेट दिली आणि तेथील निळ्या-हिरव्या पाण्याची छायाचित्रे घरोघरी पोहोचली. तेव्हापासून हा प्रश्न अधिकच विचारला जाऊ लागला. नकाशाही या मोहाला खतपाणी घालतो. त्यात कोचीच्या डाव्या हाताला काही ठिपके दिसतात आणि अंतर बोटभर वाटते.

उत्तर भारतातून मध्य प्रदेश, खानदेश, नाशिक आणि कोकणमार्गे केरळला जाणाऱ्या रेल्वेगाडीचे नावच 'मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस' असे आहे. भुसावळ किंवा जळगावच्या फलाटावर हे नाव वर्षानुवर्षे ऐकणाऱ्यांना लक्षद्वीप हे एर्नाकुलमच्या पुढचेच एखादे स्थानक वाटले, तर त्यात नवल नाही. गाडी मात्र एर्नाकुलमला थांबते. तेथून लक्षद्वीपची राजधानी कवरत्ती सुमारे चारशे किलोमीटर आणि विमानतळ असलेले एकमेव बेट आगत्ती साधारण साडेचारशे किलोमीटर दूर आहे, आणि हे सारे अंतर खुल्या अरबी समुद्राचे आहे. वाटेत थांबायला काही नाही. मुंबईहून रत्नागिरी जेवढी दूर, त्याहूनही हे अंतर जास्त आहे, हे एकदा ध्यानात आले की 'जाता जाता' हा शब्द गळून पडतो.

तरीही निर्णय केवळ अंतरावरून करता येत नाही. विमानाने साडेचारशे किलोमीटर म्हणजे फार काही नव्हे. खरा हिशेब वेळेचा, परवान्याचा आणि त्याहूनही अधिक परतीच्या खात्रीचा आहे.

प्रथम जहाजाचा मार्ग पाहावा. कोची बंदरातून विलिंग्डन बेटावरील धक्क्यावरून लक्षद्वीप प्रशासनाची प्रवासी जहाजे सुटतात. 'एम. व्ही. कवरत्ती' हे त्यांपैकी सर्वांत मोठे, सुमारे ७०० प्रवासी वाहून नेणारे. कोणत्या बेटावर जायचे आणि वाटेत कोणती बेटे घ्यायची, यानुसार एका बाजूच्या प्रवासाला १४ ते १८ तास लागतात. जाणे आणि येणे मिळून दीड दिवसाच्या आसपास वेळ समुद्रावर जातो. शिवाय जहाज दररोज नसते. आज गेलेले जहाज उद्या परत आणील असे गृहीत धरता येत नाही. ते दुसऱ्या बेटाकडे वळलेले असू शकते. प्रशासनाच्या पर्यटन संस्थेची 'समुद्रम' नावाची जहाजसहल प्रसिद्ध आहे. तीत कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय ही तीन बेटे दाखवली जातात. दिवस बेटावर आणि रात्र जहाजावर अशी तिची रचना असते. ही सहलच पाच दिवसांची आहे. म्हणजे चार दिवसांच्या कोचीप्रवासाला जोडण्याची ही वस्तू नव्हे. तिला जोडून कोचीसाठी एखादा दिवस काढता आला तर काढावा, असे तिचे स्वरूप आहे.

या जहाजांविषयी आणखी एक बाब पर्यटनाच्या पत्रकांत सहसा नसते. महाराष्ट्रातील खेड्याला एस. टी. जशी, तशी बेटवासीयांना ही जहाजे आहेत. रुग्णालयातील तपासणी, महाविद्यालयीन प्रवेश, लग्नाची खरेदी, किराणा या सगळ्यांसाठी मुख्य भूमी गाठायची तर सामान्य माणसाजवळ हेच साधन आहे. सुट्ट्यांच्या आणि सणांच्या दिवसांत तिकिटे मिळणे त्यांनाही जड जाते. आयत्या वेळी एक केबिन सहज मिळेल, या भरवशावर कोणी कोचीला उतरू नये.

दुसरा मार्ग विमानाचा. आगत्तीचा विमानतळ १९८८ मध्ये सुरू झाला. बेटाच्या दक्षिण टोकाला, दोन्ही बाजूंना पाणी असलेल्या चिंचोळ्या पट्टीवर, सुमारे १,२०० मीटर लांबीची त्याची धावपट्टी आहे. एवढ्या लांबीवर मोठी जेट विमाने उतरू शकत नाहीत, म्हणून ए. टी. आर. जातीची पंख्याची लहान विमाने येथे येतात. कोचीहून उड्डाणाला साधारण दीड तास लागतो. जागा थोड्या, फेऱ्या मोजक्या, आणि आखूड धावपट्टीमुळे वजनाचे बंधन, असा हा सगळा मामला आहे. सामानाची मर्यादा तिकीट काढतानाच पाहून घ्यावी. मुंबईहून कोचीला आणलेली मोठी बॅग पुढे न्यावी लागेल की मागे ठेवावी लागेल, हे त्यावर ठरते.

दीड तासाचे उड्डाण ऐकून हुरूप येतो, पण पूर्ण बेरीज करून पाहावी. कोचीचा विमानतळ नेडुंबसेरी येथे, शहराच्या उत्तरेला आहे. फोर्ट कोचीतील मुक्कामापासून तो सुमारे ४० किलोमीटर पडतो आणि सकाळच्या वाहतुकीत दीड-दोन तास सहज जातात. त्यात विमानतळावर आधी पोहोचण्याची वेळ, उड्डाण, आगत्तीला उतरल्यावर परवान्याची नोंद आणि मुक्कामाचे ठिकाण गाठणे हे सारे मिळवले, तर एका बाजूला अर्धा दिवस जातो. गुरुवारी कोचीत उतरून रविवारी परतणाऱ्या कुटुंबाने शुक्रवारी सकाळी आगत्ती गाठले आणि शनिवारी दुपारी परत निघाले, तर बेटावर जेमतेम एक दिवस मिळतो आणि कोचीत दोन तुटक संध्याकाळी उरतात. त्या एका दिवसासाठी चार विमानप्रवास करावे लागतात.

आगत्तीपासून जवळचे बंगारम, किंवा दूरचे कदमत आणि कवरत्ती ही बेटे गाठायची तर पुन्हा बोट आली. तिची वेळ विमानाच्या वेळेशी जुळेलच असे नाही.

परवाना हा या प्रवासातील सर्वांत कमी चर्चिला जाणारा, पण सर्वांत निर्णायक भाग आहे. लक्षद्वीपमध्ये प्रवेशासाठी भारतीय नागरिकालाही पूर्वपरवानगी लागते. त्यामागे १९६७ चे प्रवेश व निवास निर्बंध नियम आहेत. या केंद्रशासित प्रदेशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण २०११ च्या जनगणनेनुसार ९४ टक्क्यांहून अधिक आहे, आणि या समाजाचे हित व जमीन यांचे रक्षण हा नियमांमागील हेतू आहे. परवाना विशिष्ट बेटांसाठी आणि विशिष्ट मुदतीसाठी असतो. अर्जासोबत ओळखीची कागदपत्रे आणि राहण्याच्या सोयीचा तपशील द्यावा लागतो. पोलीस पडताळणीही मागितली जाते. कार्यपद्धतीत वेळोवेळी बदल होत असल्याने अर्जापूर्वी प्रशासनाची ताजी सूचना पाहणे इष्ट. व्यवहारात अनेक पर्यटक हे काम निवासाची सोय करणाऱ्या अधिकृत संस्थेमार्फत करून घेतात. क्रम मात्र लक्षात ठेवावा: आधी परवाना आणि मुक्काम, नंतर विमानाची परत न मिळणाऱ्या पैशांची तिकिटे. स्वस्त भाडे दिसले म्हणून उलट्या क्रमाने जाणाऱ्यांचेच नुकसान अधिक होते.

जाण्याची जुळवाजुळव करता येते. पैसे आणि चिकाटी यांवर ती साधते. परतणे मात्र वाऱ्याच्या आणि पावसाच्या स्वाधीन असते. मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ या समुद्रात पावसाळी हंगाम मानला जातो. त्या काळात लहान बोटींची ये-जा जवळपास थांबते, जहाजांच्या फेऱ्या विस्कळीत होतात आणि पर्यटनसहली बंद असतात. ऑक्टोबर ते मेचा पूर्वार्ध हा प्रवासाचा काळ. पण त्यातही ऑक्टोबर ते डिसेंबर हे महिने अरबी समुद्रातील चक्रीवादळांचे आहेत. नोव्हेंबर-डिसेंबर २०१७ मधील 'ओखी' वादळाने केरळ किनाऱ्याइतकाच लक्षद्वीपलाही तडाखा दिला होता. वादळ नसतानाही केवळ कमी दृश्यमानतेमुळे किंवा वाऱ्यामुळे लहान विमानाची फेरी रद्द होणे ही असाधारण गोष्ट नव्हे.

फेरी रद्द झाल्यास विमान कंपनी त्या तिकिटाचे पैसे परत करते किंवा पुढच्या फेरीत जागा देते. परंतु कोचीहून मुंबई, नागपूर किंवा इंदूरला जाणारे पुढचे तिकीट वेगळ्या कंपनीचे व वेगळ्या नोंदणीचे असेल, तर ते बुडाल्याची जबाबदारी पहिल्या कंपनीवर येत नाही. खराब हवामानासारख्या, कंपनीच्या आवाक्याबाहेरील कारणांसाठी वेगळी भरपाईही मिळत नाही. चार जणांच्या कुटुंबाला आयत्या वेळची चार तिकिटे घ्यावी लागली, तर सहलीच्या निम्म्या खर्चावर पाणी पडू शकते. सोमवारी कामावर हजर होणे बंधनकारक असलेल्याची, परीक्षेला बसणाऱ्या मुलाची किंवा ठरलेल्या दिवशी डायलिसिस घेणाऱ्या ज्येष्ठाची अडचण तर पैशांनीही सुटत नाही.

म्हणून ज्यांना हा प्रवास करायचाच आहे, त्यांनी क्रम उलटा करावा: बेट आधी, शहर नंतर. घरून कोचीला पोहोचल्यावर शक्य तितक्या लवकर बेटाकडे निघावे आणि शहर पाहण्याचे दिवस शेवटी ठेवावेत. परतीला एक दिवस उशीर झालाच, तर तो कोचीच्या वाट्याचा जाईल. घरी जाण्याचे तिकीट वाचेल. बहुतेक सहली याच्या नेमक्या उलट आखल्या जातात. आधी शहर, मग 'शेवटी दोन दिवस निवांत समुद्रकिनारा', आणि त्याच संध्याकाळी घरचे विमान. कागदावर ही आखणी सुबक दिसते, पण तिच्यात चुकण्याला जागाच नसते.

पाण्याखाली जाण्याची हौस असणाऱ्यांसाठी आणखी एक मर्यादा आहे. स्कूबा डायव्हिंग केल्यावर लगेच विमानात बसणे धोक्याचे असते. खोल पाण्यात शरीरात विरघळलेला नायट्रोजन वायू बाहेर पडायला वेळ लागतो, आणि विमानातील कमी दाबामुळे त्याचे बुडबुडे होऊन गंभीर इजा होऊ शकते. एकदाच पाण्यात उतरले असल्यास किमान १२ तास आणि अनेकदा उतरले असल्यास किमान १८ तास उड्डाण टाळावे, असा जाणकारांचा दंडक आहे. एका मुक्कामाच्या सहलीत हा नियम पाळायचा म्हटले, तर दुपारच्या विमानासाठी आदल्या संध्याकाळपूर्वीच पाण्याबाहेर यावे लागते. ज्यासाठी गेलो तेच हातून निसटते.

प्रकृतीचा विचारही आवश्यक आहे. काही बेटांजवळ जहाज धक्क्याला लागत नाही. ते सरोवरासारख्या उथळ पाण्याबाहेर, खोल समुद्रात नांगर टाकते आणि प्रवाशांना हलत्या जहाजातून हलत्या होडीत उतरावे लागते. खलाशी त्यात वाकबगार असतात आणि हात धरून उतरवतात. तरी गुडघेदुखी असलेल्या आजी-आजोबांसाठी आणि तान्ह्या मुलासाठी हा क्षण सोपा नाही. गंभीर रुग्णाला बेटांवरून हेलिकॉप्टरने हलवावे लागते, यावरून तेथील वैद्यकीय सोयींची मर्यादा ध्यानात यावी.

या प्रश्नाला बेटांचीही एक बाजू आहे. लक्षद्वीपमध्ये ३६ बेटे असून वस्ती त्यांपैकी मोजक्याच बेटांवर आहे. सगळी जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर भरते आणि २०११ मध्ये तिच्यावर ६४ हजारांहून अधिक लोक राहत होते. नदी नाही, ओढा नाही. प्रवाळाच्या वाळूखाली, खाऱ्या पाण्यावर तरंगणारा गोड्या पाण्याचा पातळ थर हीच पिण्याच्या पाण्याची पारंपरिक पुंजी. उपसा वाढला की खारे पाणी वर येते. चेन्नईच्या राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये कवरत्तीत समुद्राच्या पृष्ठभागावरील कोमट पाणी आणि खोलवरचे थंड पाणी यांच्या तापमानातील फरकावर चालणारा, दिवसाला १ लाख लिटर गोडे पाणी देणारा प्रकल्प उभारला. पुढे मिनिकॉय आणि आगत्ती येथेही तो झाला. त्याने दिलासा मिळाला, पण पाणी मोजूनच वापरावे लागते. प्रवाळांची स्थितीही नाजूक आहे. समुद्राचे पाणी तापल्यामुळे १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये येथील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. २०२४ च्या उन्हाळ्यातही तेच घडले. अशा जागी एका दिवसासाठी धावत येऊन घाईने पाण्यात उतरणारा, प्रवाळावर पाय देणारा पाहुणा फारसा उपयोगाचा नसतो. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून उचलून आणणे हा तर वन्यजीव संरक्षण कायद्याखालील गुन्हाच आहे.

देशातील सर्वच बेटांना हा हिशेब लागू नाही, हे येथे सांगायला हवे. मुंबईत दोन दिवसांसाठी आलेल्याने घारापुरी अवश्य पाहावी. गेटवे ऑफ इंडियापासून लाँचने सुमारे तासाभरात पोहोचता येते, संध्याकाळी परतता येते, आणि सोमवारी लेणी बंद असतात व पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच थांबतात एवढेच पाहावे लागते. आसाममधील माजुली हे मधल्या प्रकारातले. जोरहाटजवळच्या निमाती घाटावरून फेरीबोट मिळते. परंतु गुवाहाटी ते जोरहाट हेच तीनशे किलोमीटर असल्याने गुवाहाटीच्या धावत्या भेटीला माजुली जोडता येत नाही, जोरहाटच्या मुक्कामाला मात्र छान जोडता येते. त्याच दिवशी स्वतःच्या इच्छेने परतता येते की नाही, या एकाच कसोटीवर घारापुरी आणि लक्षद्वीप दोन टोकांना उभी राहतात.

आणि कोचीच्या बाबतीत गंमत अशी, की बेट पाहण्यासाठी शहर सोडण्याची गरजच नाही. कोची हे स्वतःच बेटांचे शहर आहे. विलिंग्डन बेट तर माणसाने केलेले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटिश अभियंता रॉबर्ट ब्रिस्टो यांच्या देखरेखीखाली बंदर खोल करताना उपसलेल्या गाळाच्या भरावातून ते उभे राहिले. लक्षद्वीपचे जहाज ज्या धक्क्यावरून सुटते, ती जमीन शंभर वर्षांपूर्वी पाणी होती. बोलगट्टी बेटावर डचांनी १७४४ मध्ये बांधलेला वाडा आहे. वैपिन हे चिंचोळे, लांबलचक बेट. त्याच्या उत्तर भागात चेराईचा किनारा आहे, जेथे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडीचे पाणी यांमधून रस्ता जातो.

या बेटांना जोडणारी कोची जलमेट्रो २५ एप्रिल २०२३ रोजी सुरू झाली. कोचीन शिपयार्डने बांधलेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या या बोटींचे किमान भाडे २० रुपये ठेवण्यात आले. पूर्ण झाल्यावर दहा बेटे आणि ३८ धक्के जोडण्याची ही योजना आहे. उच्च न्यायालयाजवळच्या धक्क्यावरून वैपिनला किंवा फोर्ट कोचीला जाणारी बोट पकडली, की डावीकडे बंदरातील जहाजे, उजवीकडे नारळीच्या रांगा आणि समोर चिनी जाळी दिसू लागतात. कामावरून घरी परतणारी मंडळी शेजारी बसलेली असतात. संध्याकाळच्या उन्हात केलेला हा प्रवास कोणत्याही महागड्या नौकाविहाराला मागे टाकणारा आहे.

ज्यांना गर्दीपासून खरोखर दूर जायचे आहे, त्यांनी शहराच्या उत्तरेकडील कडमक्कुडीकडे वळावे. लहान लहान बेटांचा हा समूह पोक्कली भातासाठी ओळखला जातो. खाऱ्या पाण्यात तग धरणारे हे भात पावसाळ्यात पिकते आणि कापणीनंतर त्याच शेतांत पाणी सोडून कोळंबी वाढवली जाते. कोकणातल्या खार जमिनीचे प्रश्न ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना ही शेती पाहताना अर्धा दिवस कमी पडेल. फोर्ट कोचीतील सेंट फ्रान्सिस चर्च, जेथे १५२४ मध्ये वास्को द गामाला पुरले होते, मट्टनचेरीचा भित्तिचित्रांचा राजवाडा आणि १५६८ मधील परदेशी सिनेगॉग यांना दोन दिवस तरी द्यावेत. सिनेगॉग शनिवारी आणि राजवाडा शुक्रवारी बंद असतो. शुक्रवार-शनिवार धरून येणाऱ्यांना हाच तपशील लक्षद्वीपच्या मोहापेक्षा अधिक महागात पडतो.

तेव्हा चार दिवस असतील, तर लक्षद्वीप नको. सहा दिवस, हाती आलेला परवाना, ऑक्टोबर ते मेच्या पूर्वार्धातील तारखा आणि परतल्यावर दुसऱ्या दिवशी कोणतेही बंधन नाही, अशी परिस्थिती असेल, तर बेटावर किमान तीन मुक्काम ठेवून जाण्यास हरकत नाही. मात्र मग त्याला लक्षद्वीपचा प्रवास म्हणावे आणि कोची हा त्याचा शेवटचा थांबा ठेवावा.

गोवा आणि दक्षिण कोकणातील प्रवाशांना तर कोचीचा वळसा घेण्याचेही कारण राहिलेले नाही. २०२४ मध्ये फ्लाय९१ या कंपनीने गोव्यातील मोपा विमानतळावरून आगत्तीला थेट सेवा सुरू केली. त्याच वर्षी इंडिगोने बंगळुरूहून आगत्तीला उड्डाणे सुरू केली. ही वेळापत्रके हंगामानुसार बदलतात, त्यामुळे परवान्याचा अर्ज करतानाच ती तपासावीत. परवान्यावर मुदत ज्या तारखेपासून मिळते, त्या तारखेला विमान असलेच पाहिजे.